रोज सव्वापाचला मान मुरगळणारा हेड-ट्रॅकर

आधी लक्षण सांगते, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे की वेगळं, ते लगेच कळेल.

घरी जुळवलेला हेड-ट्रॅकर, म्हणजे मानेची हालचाल ओळखून गेमला कळवणारी जुळणी, दुपारभर गुणी बाळासारखा चालतो. मान डावीकडे वळवली की गेममधली नजर डावीकडे जाते, पुढे वाकलं की डॅशबोर्ड जवळ येतो. संध्याकाळी मात्र एका ठरावीक वेळेला नजर एकदम छताकडे फेकली जाते, थरथरते आणि सेकंदाभरात जागेवर येते. पाच मिनिटं शांतता, की पुन्हा झटका. अर्ध्या तासाने काहीही न करता सगळं सुरळीत होतं. दुसऱ्या दिवशी तीच वेळ आणि तोच तमाशा. मी युरो ट्रक सिम्युलेटर २ खेळते. इंग्लंडातल्या गोल चौकात शिरताना उजवीकडून येणारी गाडी बघायची म्हणून मान वळवावी आणि समोर ट्रकच्या केबिनचं छत यावं, असं झालं की काय होतं ते सांगायला नको. माल पडला, दंड बसला.

हे आटोक्यात आणायला मला नोव्हेंबर ते फेब्रुवारी लागले. त्यातले अडीच महिने चुकीच्या ठिकाणी खणण्यात गेले, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माझी जुळणी अशी आहे. जुन्या बाजारात मिळालेला प्लेस्टेशन ३ चा आय कॅमेरा, मुलाची क्रिकेटची टोपी, टोपीच्या कडेला चिमट्याने अडकवलेली छत्रीची काडी, काडीवर तीन इन्फ्रारेड (डोळ्याला न दिसणारा उजेड देणारे) एलईडी आणि संगणकावर ओपनट्रॅक, म्हणजे त्या दिव्यांवरून मान ओळखणारा प्रोग्राम. ओपनट्रॅक फुकट मिळतो, त्याचा कोडही खुला आहे. तो गेमला स्वतःची ओळख ट्रॅकआयआर म्हणून करून देतो, त्यामुळे ज्या गेमला तो विकतचा ट्रॅकर कळतो त्याला हाही कळतो. एलईडी, रेझिस्टर आणि वायर पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ घेतल्या. सगळं मिळून शंभराच्या नोटेत भागलं.

कॅमेऱ्याच्या आत, सेन्सरच्या अलीकडे काचेचा एक छोटा तुकडा असतो. तो इन्फ्रारेड अडवतो. तो काढायचा आणि त्याच्या जागी उलट्या स्वभावाचं काहीतरी बसवायचं, म्हणजे डोळ्याला दिसणारा उजेड अडेल आणि इन्फ्रारेड आत जाईल. साडेतीन इंची फ्लॉपी उघडली की आत जी तपकिरी-काळी चकती निघते, ती या कामाला अगदी फर्मास आहे. माळ्यावर अकरावी-बारावीच्या प्रोजेक्टच्या फ्लॉप्या होत्या, त्यातली एक सत्कारणी लागली. एक थर लावून खोली अजून दिसत असेल तर दोन लावा. काच काढल्यावर फोकस बिघडतो, तेव्हा लेन्स थोडी फिरवून घ्यावी लागते. चित्रात दिव्यांचे ठिपके अगदी काटेकोर नकोत, किंचित पसरट बरे. त्याचं कारण पुढे येईल.

तीन दिव्यांचं विजेचं गणित सोपं आहे. एकेका इन्फ्रारेड एलईडीला साधारण १.३ व्होल्ट लागतात. तीन एकापाठोपाठ जोडले की ३.९ होतात. यूएसबीचे ५ व्होल्ट, म्हणजे उरले १.१. वीस मिलिअँपिअर प्रवाह हवा असेल तर रेझिस्टर ५५ ओहमचा येतो, दुकानात ५६ चा मिळतो. एवढंच. ही जुळणी मी श्रावणात केली आणि दसऱ्यापर्यंत तिने एकदाही त्रास दिला नाही. हे लक्षात ठेवा, कारण मी ते लक्षात ठेवलं नाही.

नोव्हेंबरच्या मध्याला झटके सुरू झाले. पहिला संशय अर्थातच माझ्या सोल्डरवर. टोपी डोक्याबरोबर सतत हलते, वायर काडीच्या टोकाला वाकते, तिथली एखादी तार तुटली असेल असं वाटणं साहजिक आहे. तपासायची सोपी रीत म्हणजे मोबाइलचा पुढचा कॅमेरा चालू करायचा आणि काडी त्याच्यासमोर धरायची. आपल्याला न दिसणारे दिवे स्क्रीनवर फिकट जांभळे दिसतात. मागच्या कॅमेऱ्याने हे बघू नका, पुष्कळ फोनमध्ये तिथला फिल्टर जास्त कडक असतो आणि चांगला दिवाही मेलेला वाटतो. मी वायर वाकवून, ओढून, टिचक्या मारून पाहिलं. दिवे एकदाही लुकलुकले नाहीत. तरी मनाच्या समाधानासाठी सगळी वायर बदलली, सांध्यांवर नळी चढवली.

दुसरा संशय यूएसबीवर. हा कॅमेरा चित्र फारसं न दाबता पाठवतो, त्यामुळे एकाच हबवर हार्ड डिस्क वगैरे असेल तर फ्रेम, म्हणजे मधली काही चित्रं, गळतात. पण फ्रेम गळल्या तर नजर अडखळते, छताकडे उडत नाही. अडखळणं आणि उडी मारणं हे दोन वेगळे आजार आहेत. मी तेव्हा ते वेगळे धरले नाहीत.

मग मी ओपनट्रॅकच्या फिल्टरशी खेळायला लागले, आणि इथे बहुतेक जण फसतात. अ‍ॅक्सेला नावाचा फिल्टर आहे, त्यात गुळगुळीतपणा वाढवता येतो. वाढवला. झटका जरा मऊ झाला, म्हणजे नजर छताकडे फेकली जाण्याऐवजी छताकडे वाहत जायला लागली. शिवाय साधी मान वळवली तरी ट्रकमधली नजर दुधाच्या गाडीसारखी मागून यायची. दुखऱ्या दाढेवर लवंग धरावी तसला हा उपाय.

डिसेंबर उजाडला आणि झटके थांबले. मी खूश. नवऱ्याला सांगितलं की वायरच खराब होती. नाताळच्या सुट्टीत मुलाने आणि मी मिळून अर्धा युरोप पालथा घातला.

आणि जानेवारीच्या शेवटी ते परत आलं. फक्त वेळ बदलली होती. नोव्हेंबरात सव्वापाच होते, आता पावणेसहा. वेळ वेगळी म्हणून मला हा आजारही वेगळा वाटला, आणि मी पुन्हा वायर सोडवायला बसले. हातात सोल्डरिंग गन तापलेली असताना मुलगा म्हणाला, "आई, त्या कॅमेऱ्याला नक्की दिसतंय काय ते तरी बघ ना."

ते मी तोवर बघितलंच नव्हतं. म्हणजे जुळणी करताना एकदा बघितलं होतं, दुपारी, श्रावणात, आभाळ भरलेलं असताना.

ओपनट्रॅकमध्ये पॉइंट ट्रॅकर सुरू केला की कॅमेऱ्याचं चित्र एका छोट्या चौकोनात दिसतं आणि किती ठिपके सापडले तो आकडाही कळतो. तो ३ असला पाहिजे. दोन झाले तर एक दिवा झाकला गेला. चार झाले तर आगंतुक घुसला. पावणेसहाला मी तो चौकोन उघडून नुसती बसून राहिले, गेम लावलाच नाही. तीन ठिपके, तीन, तीन, आणि मग माझ्या डाव्या खांद्याच्या वर, काळ्या पडद्यावर, माझ्या दिव्यांपेक्षाही ठळक असा चौथा.

हा ट्रॅकर काम कसं करतो ते एकदा समजून घेतलं की चौथ्या ठिपक्याने एवढा गोंधळ का होतो ते कळतं. काडीवरचे तीन दिवे एकमेकांपासून किती अंतरावर आहेत ते आपण मिलिमीटरमध्ये लिहून दिलेलं असतं. कॅमेऱ्याच्या सपाट चित्रात ते तीन ठिपके कसे पडलेत त्यावरून ओपनट्रॅक उलटं गणित करतो, की डोकं किती फिरलं, किती झुकलं, किती सरकलं. तीन प्रकारचं फिरणं आणि तीन दिशांचं सरकणं, अशी सहा उत्तरं त्या तीन ठिपक्यांतून काढायची असतात. त्याच्याकडे जास्तीचा पुरावा काही नाही. चौथा ठिपका आला आणि चुकीचे तीन उचलले गेले, की गणित तरीही सुटतं, फक्त उत्तर अशा मानेचं येतं जी कुठल्याच माणसाला नसते. म्हणून नजर छताकडे.

आता हा चौथा कोण ते शोधायचं. रीत सांगते, कारण डोळ्याने बघून ते कळत नाही. चित्राचा चौकोन उघडा ठेवायचा, मागे जायचं आणि एक जाड टॉवेल घेऊन संशयित वस्तू एकेक करून झाकायची. ठिपका ज्या क्षणी विझेल ती वस्तू चोर. मी स्टीलचा पिंप झाकला, काही नाही. भिंतीवरचं घड्याळ, काही नाही. शोकेसच्या काचेवर टॉवेल धरला आणि ठिपका गेला. पश्चिमेच्या खिडकीतून आलेली उन्हाची तिरीप शोकेसच्या काचेवर पडून थेट कॅमेऱ्यात जात होती. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं, आणि फ्लॉपीच्या चकतीमागून बघणाऱ्या कॅमेऱ्याला काचेतला सूर्य आणि माझा दोन रुपयांचा दिवा यांत फरक करायचं काही कारण नाही.

मग सगळं एका ओळीत आलं. पुण्यात सूर्य डिसेंबरात पश्चिमेच्या दक्षिणेला सुमारे २५ अंशांवर मावळतो आणि जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. वर्षभरात मावळतीची जागा ५० अंश सरकते. माझ्या शोकेसच्या काचेला त्यातली एक अरुंद फट सापडते. नोव्हेंबरच्या मध्याला सूर्य त्या फटीत आला, डिसेंबर लागेपर्यंत तिथून दक्षिणेकडे गेला, झटके थांबले, मी वायरला श्रेय दिलं. २१-२२ डिसेंबरला तो फिरला आणि जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात परत त्याच रेषेत आला. त्या दिवसांत पुण्यात सूर्यास्त नोव्हेंबरच्या मध्यापेक्षा जवळजवळ अर्धा तास उशिरा होतो, म्हणून सव्वापाचचे पावणेसहा झाले. श्रावणात ढग होते आणि तिरीप तशीही दुसऱ्या भिंतीवर पडत असणार. तर तुमच्याकडेही ठरावीक वेळेला झटके येत असतील, काही आठवडे येऊन आपोआप थांबत असतील, तर सेटिंगला हात लावू नका. आधी खिडकी बघा.

पडदा लावला की झालं, असं वाटेल. मलाही वाटलं. गडद निळा, डोळ्याला अगदी बंद वाटणारा पडदा ओढला, आणि कॅमेऱ्यात तो पडदा राखाडी मलमलीसारखा चमकत होता. कृत्रिम धाग्याच्या कापडाचा रंग डोळ्यासाठी असतो. पुष्कळ रंग इन्फ्रारेडला अडवतच नाहीत. माझा काळा टी-शर्टसुद्धा त्या कॅमेऱ्यात जवळजवळ पांढरा दिसतो, ते पाहून मुलगा अर्धा तास घरातले कपडे आणून कॅमेऱ्यासमोर धरत होता. पडदा निवडायचा तर तो कॅमेऱ्यातून बघून निवडा, स्वतःच्या डोळ्याने नाही. मी शेवटी टेबलच नव्वद अंशांत फिरवलं, म्हणजे कॅमेऱ्याला माझ्यामागे कोरी भिंत आणि स्वयंपाकघराचं दार एवढंच दिसेल.

टेबल फिरवता येत नसेल, भाड्याची एकच खोली असेल, तर कॅमेऱ्याचं एक्स्पोजर, म्हणजे एकेका चित्रासाठी तो किती वेळ उजेड घेतो ते, हाताने कमी करा. ते आपोआप ठरवण्याची सोय आधी बंद करायची. ती चालू राहिली तर खोली अंधारली की कॅमेरा स्वतःच डोळे फाडतो आणि भिंतीसुद्धा उजळ करून दाखवतो. एक्स्पोजर आणि गेन (मिळालेला उजेड वाढवून दाखवण्याचं प्रमाण) खाली खाली आणत जा, खोली पूर्ण काळी होईपर्यंत आणि फक्त तीन ठिपके उरेपर्यंत. मगच थ्रेशोल्डला, म्हणजे किती उजळ असेल त्यालाच ठिपका म्हणायचं त्या मर्यादेला, हात घाला. लोक हे उलट करतात. उजळ चित्र घेतात आणि थ्रेशोल्ड वर चढवून कचरा गाळायला बघतात. सकाळी ते जमतं, दुपारी बिघडतं. पॉइंट ट्रॅकरमध्ये ठिपक्याचा लहानात लहान आणि मोठ्यात मोठा व्यास ठरवता येतो. भिंतीवरचा उन्हाचा मोठा पट्टा त्याने गाळला जातो. काचेतला बारीक सूर्य नाही जात, तो अगदी दिव्याएवढाच दिसतो.

टेबल फिरवलं, एक्स्पोजर बसवलं. दोन दिवस सुखाचे गेले. तिसऱ्या दिवशी गेम लावायला उशीर झाला, सात वाजले असतील, आणि नजर उडाली. बाहेर अंधार, ऊन नाही. या वेळी मात्र शहाणी झाले होते. आधी चौकोन उघडला. चौथा ठिपका होता, आणि तो हलकेच नाचत होता.

स्वयंपाकघराच्या दारातून आमचं देवघर दिसतं. सासूबाईंनी सांजवात केली होती.

ज्योत ही इन्फ्रारेडची खाण आहे. डोळ्याला दिसणारा पिवळा उजेड हा तिच्या एकूण उजेडाचा लहान हिस्सा, बाकीचा बराचसा भाग आपल्याला दिसतच नाही, नुसता उबेने कळतो. हे मला आधीच सुचायला हवं होतं. निन्टेंडोच्या वी या गेमयंत्राच्या रिमोटच्या पुढच्या टोकाला इन्फ्रारेड कॅमेरा असतो, आणि टीव्हीवर ठेवायच्या ज्या पट्टीला सेन्सर बार म्हणतात तिच्यात सेन्सर नसून नुसते इन्फ्रारेड दिवे असतात. ती पट्टी बिघडली की दोन मेणबत्त्या लावून काम भागतं, हे तर जुनं माहितीतलं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या जॉनी चंग ली यांनी २००७ साली हीच मांडणी उलटी करून दाखवली. रिमोट टीव्हीजवळ स्थिर ठेवला, दिवे स्वतःच्या डोक्याला लावले, आणि डोकं हलेल तसं पडद्यावरचं चित्र खिडकीतून बघावं तसं बदलायला लागलं. घरच्या घरी हेड-ट्रॅकर करणाऱ्या कितीतरी जणांची सुरुवात त्यांचा तो व्हिडिओ बघून झाली. त्यांच्याकडे दोनच ठिपके होते, त्यामुळे डोकं कुठे आहे ते कळायचं, पण मान किती वळली ते धड कळायचं नाही. त्यासाठी तिसरा लागतो, तोही बाकी दोघांच्या पातळीत नको, पुढे किंवा मागे हवा. तिन्ही दिवे एका सपाट पट्टीवर लावले तर वर बघणं आणि खाली बघणं यांत गणिताची गल्लत होते आणि नजर आरशासारखी उलटी फिरते. उडीऐवजी उलटी दिशा हे लक्षण असेल तर काडी वाकवा.

निरांजनाकडे परत येते. सासूबाईंना म्हटलं, "आई, निरांजन थोडं आत, ताम्हनामागे ठेवलं तर चालेल का? कॅमेऱ्याला माझा दिवा वाटतोय तो."

त्या म्हणाल्या, "देवाला लावलेला दिवा तुझ्या ट्रकला दिसतो, ही चांगलीच गोष्ट आहे. दार लोट की."

दार लोटलं. प्रश्न सुटला. देवघरात पूर्वी लाल झिरोचा बल्ब होता, तो असता तर तोही चमकला असता. नावाला झिरो, पण आत तार तापते, आणि तापलेल्या तारेचा बहुतेक उजेड इन्फ्रारेडच असतो. एलईडी बल्ब आणि ट्यूबलाइट या बाबतीत निरुपद्रवी आहेत. दिवाळीत बाल्कनीतल्या पणत्या कॅमेऱ्याला दिसणार नाहीत एवढं बघा. आकाशकंदिलात जुना तारेचा बल्ब असेल तर तोही. उदबत्तीचं टोक जवळ असेल तर बारीकसा ठिपका देतं, पण तो लहान व्यासाची मर्यादा वाढवली की गळतो.

तरी एक खोड उरली होती, आणि ती दिवसभर असायची, वेळेचा संबंध नाही. उजवीकडे जास्त मान वळवली की आकडा ३ वरून २ वर यायचा आणि नजर गोठायची. साध्या पाच मिलिमीटरच्या इन्फ्रारेड एलईडीचं डोकं घुमटासारखं असतं. तो घुमट भिंगाचं काम करतो आणि उजेड समोर अरुंद झोतात फेकतो. टीव्हीच्या रिमोटला ते बरं, कारण तो आपण नेम धरून दाबतो. मानेला नेम धरता येत नाही. वीसेक अंश वळलं की झोत कॅमेऱ्याच्या बाजूने निघून जातो. रुंद कोनाचे, सपाट डोक्याचे एलईडी मिळाले तर प्रश्नच नाही. मला दुकानात मिळाले नाहीत. म्हणून पॉलिश पेपर टेबलावर पसरला, दिवा चिमटीत उलटा धरला आणि चंदन उगाळावं तसा गोल गोल घासला, घुमट सपाट आणि दुधी होईपर्यंत. आतली धातूची वाटी दिसायला लागायच्या आधी थांबायचं. एक दिवा मी जास्त घासून वाया घालवला, तेव्हा चार-पाच जास्तीचे आणलेले बरे. घासलेला दिवा समोरून मंद दिसतो, पण बाजूनेही दिसतो. माझी खोड तिथेच संपली.

आता त्या पसरट ठिपक्यांचं. स्थिर बसलं तरी नजर बारीक थरथरते, अशी तक्रार असेल तर हे वाचा. या कॅमेऱ्याच्या लेन्सला फिरवायचं कडं असतं आणि त्याच्या दोन जागा असतात. एका जागेवर तो ५६ अंश रुंद बघतो, दुसऱ्यावर ७५. मी कॅमेऱ्यापासून ७० सेंटिमीटरवर बसते. ५६ अंशांत त्या अंतरावर साधारण ७४ सेंटिमीटर रुंदी दिसते आणि चित्र ६४० पिक्सेलचं, म्हणजे एक पिक्सेल सव्वा मिलिमीटरच्या जरा आत. ७५ अंशांवर तोच पिक्सेल पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास जातो. माझ्या काडीवर पुढचा आणि मागचा दिवा यांत ८० मिलिमीटरचं अंतर आहे. मान एक अंश वळली की ते दोन ठिपके एकमेकांच्या तुलनेत १.४ मिलिमीटर सरकतात, म्हणजे जेमतेम एक पिक्सेल. आणि आपल्याला मान थोडी वळवून बरंच बघायचं असतं, कारण डोळे पडद्यावरच ठेवायचे असतात. म्हणून आपण ओपनट्रॅकमध्ये वक्र असा लावतो की मानेच्या एका अंशाला गेममध्ये पाच अंश मिळावेत. म्हणजे एका पिक्सेलची चूक झाली तर ट्रकमध्ये नजर चार-पाच अंश हलणार.

ही चूक होत नाही, कारण ठिपका एका पिक्सेलचा नसतो. तो दहा-बारा पिक्सेलांवर पसरलेला असेल तर ओपनट्रॅक त्या सगळ्यांच्या उजेडावरून मध्य काढतो, आणि तो मध्य पिक्सेलच्या अंशापर्यंत अचूक येतो. ठिपका टाचणीच्या टोकाएवढा तीक्ष्ण केला की ही सोय गेली. म्हणून लेन्स अरुंद जागेवर ठेवा, फोकस किंचित सैल ठेवा, ठिपके दहा पिक्सेलांच्या आसपास येऊ द्या. आणि वक्राच्या मधोमध एक-दोन अंशांची सपाट जागा सोडा, म्हणजे समोर बघताना श्वासाने हलणारी मान गेममध्ये दिसत नाही. हे सगळं झाल्यावर अ‍ॅक्सेलाचा गुळगुळीतपणा मी जवळजवळ मूळ जागी आणला. आता मान वळली की नजर लगेच वळते.

ज्यांना सोल्डरिंग नको आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. ओपनट्रॅकमध्ये न्यूरलनेट म्हणून एक पर्याय आहे, तो साध्या वेबकॅममधून चेहराच ओळखतो. दिवे नकोत, काडी नको, टोपी नको. त्याचा संध्याकाळचा आजार उलटा असतो. इथे उजेड कमी पडतो. अंधार झाला की वेबकॅम एक्स्पोजर वाढवतो आणि सेकंदाला ३० चित्रांऐवजी १५ पाठवायला लागतो, नजर ओढल्यासारखी चालते. तोंडावर एक टेबललॅम्प पडू द्या. चित्रात आडवे पट्टे सरकत असतील तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये विजेची वारंवारता ५० हर्ट्झ करा. आपल्याकडची वीज ५० ची आहे आणि पुष्कळ वेबकॅम ६० वर ठेवलेले येतात.

डोक्याला फोन बांधून वायफायवरून आकडे पाठवणारेही आहेत. ओपनट्रॅकमध्ये ते आकडे घेण्यासाठी यूडीपी हा पर्याय निवडायचा, पोर्ट ४२४२. त्यात नजर हळूहळू एका बाजूला वाहत जाते, दहा मिनिटांनी ट्रकचालक खिडकीतून बाहेर बघत गाडी चालवतो. हा बिघाड नाही. फोनमधल्या जायरोला (फिरणं मोजणाऱ्या सेन्सरला) वर-खाली कळायला गुरुत्वाकर्षणाचा आधार असतो, डावं-उजवं कळायला तसा आधार नाही, त्यामुळे बारीक चुका साठत जातात. होकायंत्राचा सेन्सर मदत करतो, पण बाजूला स्पीकरचं चुंबक असेल तर तोच दिशा चुकवतो. यावर इलाज म्हणजे मध्य साधायचं बटण हाताशी ठेवणं. मी ते स्टिअरिंगवरच्या एका बटणाला दिलं आहे आणि कॅमेऱ्याच्या जुळणीतही वापरते, कारण टोपी सरकते. विशेषतः डोक्याला तेल लावलेलं असेल त्या दिवशी.

मे महिन्यात टोपी डोक्यावर सहन होत नाही, म्हणून काडी हेडफोनच्या पट्टीवर हलवली. दिवे तेच, काडी तीच, तरी मान वळवली की ट्रकमध्ये मी बाजूच्या सीटवर सरकायला लागले. कारण ओपनट्रॅकला दिव्यांची आपापसातली अंतरंच नाही, तर काडी मानेच्या मध्यापासून किती लांब आहे तेही सांगावं लागतं. टोपीवर ती कपाळाच्या वर होती, आता कानाजवळ आहे. तो आकडा जुनाच राहिला तर नुसतं वळणं त्याला सरकणं वाटतं. मॉडेल पोझिशनच्या पानावर कॅलिब्रेट करायचं बटण आहे. ते दाबून, खांदे न हलवता, नाही-नाही आणि हो-हो म्हटल्यासारखी मान अर्धा मिनिट हळू फिरवा. मी हे करत असताना सासूबाई दारातून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "कोणाला नाही म्हणतेस?" आणि मान वळवून उत्तर दिल्यामुळे ते मला पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.